सिकलसेल : गर्भाची तपासणी करावी की करू नये?

सातपुड्याच्या डोंगररांगांत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात वसलेले काठी हे गाव उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील राजवाडी होळीमुळे. एकेकाळच्या मेवासी संस्थानाची ही होळी रात्रभराच्या नृत्यानंतर पहाटे पेटते आणि रोजगारासाठी गुजरातेत गेलेली कुटुंबेही त्या सणाला घरी परततात. या पट्ट्याची आणखी एक ओळख मात्र आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्यांपुरतीच राहिली आहे. ती म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार.

पती आणि पत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक असतील आणि पत्नीला दिवस गेले असतील, तर पोटातील बाळाला हा आजार आहे किंवा नाही, हे जन्मापूर्वी सांगणारी तपासणी आज उपलब्ध आहे. ती करून घ्यावी काय, हा प्रश्न वरकरणी वैद्यकीय वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर अनेकदा रस्ता, हंगाम आणि घरातील वडीलधारी मंडळी देऊन मोकळी होतात, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला सर्वांत शेवटी विचारले जाते.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

निरोगी तांबडी रक्तपेशी गोल आणि लवचीक असते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते, एवढ्याशा फरकाने सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी पडला की अशी पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त पोहोचत नाही आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. या पेशी अकाली फुटत असल्याने रक्तक्षय आणि कावीळ मागे लागते. प्लीहा निकामी होऊ लागल्याने लहान मुलांत जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात निलगिरी पर्वतातील आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याची नोंद १९५२ मधील आहे.

आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक ठरते. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही, औषधाची गरज नसते आणि तो इतरांप्रमाणेच कष्टाची कामे करू शकतो. तरीही 'सिकलसेल निघाला' या एकाच वाक्यात गावोगावी वाहक आणि रुग्ण या दोघांनाही बसवले जाते. त्याला एक तांत्रिक कारणही आहे. गावपातळीवर प्रथम केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. व्यक्ती वाहक की रुग्ण, हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. पहिल्या चाचणीवर थांबलेल्या दाम्पत्याने गर्भाच्या तपासणीचा विचार सुरूही करू नये. आधी दोघांचेही निश्चित निदान हाती असावे.

महाराष्ट्रातील सिकलसेलच्या प्रसाराचा आढावा घेणारा एक शोधनिबंध डॉ. एस. एल. काटे आणि सहकाऱ्याने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर या समाजांत हा दोष २० ते ३५ टक्के लोकांत आढळतो, असे त्यात नमूद आहे, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबारचे नाव आहे. हिवताप असलेल्या प्रदेशांत वाहकांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे जनुक टिकून राहिले, असे शास्त्रज्ञ मानतात. २० टक्के हे प्रमाण धरले आणि विवाह रक्ताची माहिती नसताना ठरले, तर साधारण २५ जोडप्यांपैकी एका जोडप्यात दोघेही वाहक असतील. प्रमाण ३५ टक्के धरले तर आठांतील एका जोडप्यात. काठी, मोलगी, धडगाव या परिसरातील आरोग्य सेविकेला हे जोडपे शोधावे लागत नाही. ते तिच्या नोंदवहीत असतेच.

दोघेही वाहक असताना प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. यातील 'प्रत्येक' हा शब्द फार महत्त्वाचा. पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे. दर वेळी डाव नव्याने मांडला जातो. टक्केवारी परकी वाटणाऱ्या घरात दोन रंगांच्या मण्यांनी, आईच्या ओंजळीतला एक आणि वडिलांच्या ओंजळीतला एक उचलून, ही गोष्ट अधिक नीट समजावता येते. पती-पत्नींपैकी एक रुग्ण आणि दुसरा वाहक असेल तर मूल रुग्ण असण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाते. एक रुग्ण आणि दुसरा निर्दोष असेल तर सर्व मुले वाहक होतात, रुग्ण एकही नाही.

तपासणी कशी होते

नेहमीच्या सोनोग्राफीत सिकलसेल दिसत नाही. गर्भवतीच्या रक्ताच्या डबल मार्कर वगैरे चाचण्या डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रीय दोषांची शक्यता वर्तवतात. त्यांचाही सिकलसेलशी संबंध नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल आली' म्हणून निर्धास्त झालेल्या वाहक दाम्पत्याला हे कोणीतरी वेळीच सांगायला हवे.

निदानासाठी गर्भाच्या पेशीच मिळवाव्या लागतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा सूक्ष्म तुकडा सुईने किंवा बारीक नळीने काढता येतो. वैद्यकीय परिभाषेत याला कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग म्हणतात. ती वेळ टळल्यास साधारण सोळाव्या आठवड्यापासून पोटातून सुई घालून गर्भजल काढता येते. अठराव्या आठवड्यानंतर नाळेतून गर्भाचे रक्त घेण्याचीही पद्धत आहे. ती अधिक कौशल्याची आणि अधिक जोखमीची असून मोजक्याच ठिकाणी होते. या सर्व क्रिया सोनोग्राफीच्या देखरेखीखाली होतात. मिळालेल्या पेशींतील डीएनए तपासून सदोष जनुकाच्या दोन प्रती आहेत, एक आहे की एकही नाही, हे सांगितले जाते. गर्भजलातील पेशींच्या डीएनएवरून सिकलसेलचे निदान करण्याचा मार्ग सॅन फ्रान्सिस्को येथील युएत वाइ कान आणि आंद्रे डोझी यांनी १९७८ मध्ये दाखवला. आपल्याकडे मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे.

नमुना गर्भाचा असला तरी प्रयोगशाळेला आई आणि वडील या दोघांचेही रक्त लागते. आईच्या पेशी नमुन्यात मिसळल्या नाहीत ना, हेही पाहावे लागते. अहवालास साधारण एक-दोन आठवडे लागू शकतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास तपासणीनंतर अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते. रक्तगटाचा कागद सोबत नेण्यास विसरू नये.

जोखीम आहे. अनुभवी हातांनी केलेल्या वार किंवा गर्भजल तपासणीमुळे गर्भपात होण्याचे प्रमाण अलीकडील अभ्यासांत हजारात एक ते पाच इतके सांगितले जाते. आकडा लहान आहे. परंतु ज्या गर्भाला धोका पोहोचू शकतो तो चारपैकी तीन शक्यतांनी रुग्ण नसलेला गर्भ आहे, हे दाम्पत्याने समजून घेतलेले असावे.

अहवाल आल्यावर काय?

तपासणीपूर्वी ज्याचे उत्तर शोधायला हवे तो प्रश्न हाच. अहवालात बाळ रुग्ण असल्याचे निघाले तर गर्भ पुढे वाढवायचा की नाही? गर्भातच सिकलसेल बरा करण्याचा नेहमीचा उपचार आज नाही. त्यामुळे तपासणीतून मिळणाऱ्या ज्ञानाचे दोनच उपयोग उरतात : गर्भपाताचा निर्णय किंवा आजारी बाळाच्या स्वागताची तयारी.

कोणत्याही परिस्थितीत गर्भपात नको, असे ज्या दाम्पत्याच्या मनात पक्के आहे त्यांनी सुईची जोखीम कशासाठी घ्यायची, हा प्रश्न रास्त आहे. हेच निदान जन्मानंतर बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून होऊ शकते आणि तयारीसाठी तेवढा अवधी पुरतो, कारण जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते आणि आजाराची लक्षणे सहसा त्यानंतर दिसू लागतात. जन्मापूर्वीची अनिश्चितता सोसवत नाही म्हणून तपासणी मागणारी स्त्रीही असते. तिची मागणी कमी मोलाची नव्हे. पण नकार देणाऱ्या दाम्पत्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

याउलट ज्या घरात एक मूल वेदनेने रात्र-रात्र विव्हळताना पाहिले आहे, वारंवार रक्त चढवण्यासाठी डोंगर उतरावा लागला आहे, तेथे दुसऱ्या गरोदरपणात तपासणीची इच्छा प्रबळ असू शकते. अशा आईला 'देवाची मर्जी' सांगून परत पाठवणे हाही अन्यायच.

निर्णय अवघड होतो तो आणखी एका कारणाने. जनुकाचा अहवाल आजार आहे हे सांगतो. तो किती तीव्र असेल हे सांगत नाही. भारतात आढळणाऱ्या सिकलसेल रुग्णांत मोठेपणीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बरेचदा जास्त राहते, आणि आदिवासींमध्ये अल्फा थॅलेसेमियाचे जनुकही पुष्कळांत असते. हे दोन्ही घटक आजार सौम्य करतात. अक्कलकुव्याला लागून असलेल्या दक्षिण गुजरातेतील आदिवासी मुलांमध्ये आजार तुलनेने सौम्य, तर नागपूर भागातील मुलांमध्ये अधिक तीव्र असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. मात्र हा सरासरीचा हिशेब झाला. सौम्य म्हटल्या गेलेल्या भागातही एखादे मूल वर्षातून अनेकदा रुग्णालयात जाते आणि एखादा रुग्ण चाळिशीपर्यंत शेती करत राहतो. पोटातले बाळ यांपैकी कोणते, हे आज कोणतीही प्रयोगशाळा खात्रीने सांगू शकत नाही. थॅलेसेमिया मेजरच्या समुपदेशनात चित्र बरेच स्पष्ट असते; सिकलसेलमध्ये ते धूसर आहे. परळच्या संस्थेतील डॉ. रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच समुपदेशनातील या पेचाचा उल्लेख होता.

उपचारांची बाजूही बदलली आहे. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनांचे झटके कमी होतात. तान्ह्या वयापासून पेनिसिलिन, न्यूमोकोकल लस, फॉलिक आम्ल आणि भरपूर पाणी या साध्या उपायांनी बालमृत्यू टळतात. सख्ख्या भावंडाचा अस्थिमज्जा जुळल्यास प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. जनुक-संपादनावर आधारित उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ मध्ये मान्यता दिली, मात्र त्याचा खर्च इतका प्रचंड आहे की सातपुड्यातील कुटुंबाने आज त्याचा हिशेब धरणे व्यर्थ ठरेल. वीस वर्षांपूर्वीच्या रुग्णाकडे बोट दाखवून आजच्या बाळाचे भवितव्य सांगणे मात्र योग्य नव्हे.

कायद्याची चौकट

गर्भजल परीक्षा हा शब्दच महाराष्ट्रात बदनाम आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. ऐंशीच्या दशकात या परीक्षेचा वापर मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी सर्रास होऊ लागला. त्याविरुद्ध मुंबईतील स्त्री संघटनांनी आंदोलन उभारले आणि १९८८ मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यात २००३ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीवरही बंदी आली. या इतिहासामुळे सिकलसेलसाठी तपासणी करणे हाही गुन्हा आहे, असा समज पसरलेला दिसतो. तो खरा नाही. कायद्याने ज्या आजारांसाठी प्रसूतिपूर्व निदानास परवानगी दिली आहे त्यांत हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार स्पष्टपणे समाविष्ट आहेत. अट एवढीच की तपासणी नोंदणीकृत केंद्रात व्हावी, तिचे संभाव्य दुष्परिणाम स्त्रीला समजावून सांगावेत, तिला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी आणि त्या संमतिपत्राची प्रत तिला द्यावी. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास पूर्ण मनाई आहे.

'तिला कळणाऱ्या भाषेत' या शब्दांकडे येथे विशेष लक्ष द्यायला हवे. काठी परिसरातील पुष्कळ स्त्रियांची घरची भाषा भिली किंवा पावरी आहे. मराठी छापील अर्जावर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांपर्यंत, नियमांत नमूद केलेल्या स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. जन्मणाऱ्या बाळाला गंभीर शारीरिक किंवा मानसिक व्यंग असण्याची मोठी शक्यता असल्यास हा मार्ग खुला असतो. २४ आठवड्यांनंतर गर्भातील गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत या सर्वांत फक्त तिची संमती आवश्यक आहे. पतीची सही कायदा मागत नाही, रुग्णालये कितीही आग्रह धरोत.

आठवडे आणि वाटा

कागदावर हे सर्व सोपे दिसते. काठीहून पाहिले की गणित बिघडते. सातपुड्यातून अनेक जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. दिवाळीच्या सुमारास पाळी चुकलेल्या स्त्रीला त्या वेळी चार आठवडे झालेले असतात. दिवाळी ते होळी हे अंतर साधारण १९ आठवड्यांचे. म्हणजे ती होळीला गावी येऊन आरोग्य केंद्राची पायरी चढेल तेव्हा तेविसावा आठवडा उजाडलेला असेल. वारेच्या तपासणीची वेळ कधीच टळली, गर्भजलाचा अहवाल येईपर्यंत २४ आठवडे उलटणार. अशा स्त्रीपुढे तपासणी करावी की नाही, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उरतच नाही. तिच्या वतीने तो उसाच्या फडाने सोडवलेला असतो.

वेळेत कळले तरी प्रवास आहे. नमुना काढणारे तज्ज्ञ आणि डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांतच आहेत. नंदुरबार आणि धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सुरत मुंबईपेक्षा जवळ आहे. तरीही दोघांची मजुरी बुडणे, घरातील लहान मुलांची सोय, परक्या शहरातला मुक्काम, आणि अहवाल प्रतिकूल आल्यास पुन्हा तीच वाट. तपासणी मोफत असली तरी हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही. म्हणूनच विवाहानंतर, दिवस जाण्यापूर्वी दोघांचे रक्त तपासून घेणे आणि वाहक जोडप्याला हंगामापूर्वीच गाठून ठेवणे याला सातपुड्यात पर्याय नाही. पाळी चुकताच फोन करता येईल असा आशा कार्यकर्तीचा क्रमांक हाताशी असणे, ही येथे कोणत्याही यंत्राइतकी मोलाची गोष्ट आहे.

दबावाचा प्रश्न

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार निर्मूल करण्याचे त्याचे उद्दिष्ट असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरवण्यात आले. तपासणी वाढणे स्वागतार्हच. मात्र निर्मूलन हा शब्द गर्भवतीसमोर जपून वापरायला हवा. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर सिकलसेल तपासणीची सक्ती केली. वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला जाऊ लागला, आणि १९७२ च्या संघीय कायद्याने तपासणी ऐच्छिक असण्यावर भर द्यावा लागला. आपल्याकडे विवाहाच्या वेळी वाहक मुलीलाच नाकारले जाणे, आजारी मुलाचा दोष एकट्या आईवर येणे, हे त्याच जातीचे प्रकार आहेत. शास्त्र सांगते की रुग्ण मुलाला एक जनुक वडिलांकडूनही आलेले असते.

समुपदेशकाने माहिती द्यावी, निर्णय देऊ नये, हा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. स्त्रीशी काही वेळ एकटीने बोलणे, सासू किंवा पतीच्या उपस्थितीत दिलेल्या होकाराची पुन्हा खात्री करून घेणे आणि तिला निदान एक रात्र विचाराला देणे, एवढे तरी घडावे. नकार दिलेल्या गर्भवतीच्या कागदांवर पुढील तपासण्यांत शेरे मारले जाऊ नयेत. ती स्वतःच सिकलसेल रुग्ण असेल तर मात्र तिची काळजी वेगळी. रक्तक्षय, वेदनांचे झटके आणि रक्तदाब यांकडे लक्ष ठेवून प्रसूती सुसज्ज रुग्णालयातच व्हायला हवी.

तपासणी न करता जन्मलेल्या किंवा रुग्ण असल्याचे कळूनही जन्माला घातलेल्या बाळाच्या रक्ताची तपासणी जन्मल्याबरोबर व्हावी. निदान झाल्यास दुसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन सुरू करतात. ताप आला की घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि पोटात डाव्या बाजूस वाढणारी प्लीहा हाताने चाचपून ओळखायला आईला शिकवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश असल्याने रुग्ण मुलाला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. वाहकाला तो लागू नाही. एचपीएलसीचा अहवाल नीट जपून ठेवावा. वाहकपण आयुष्यभर बदलत नाही, त्यामुळे पुढच्या गरोदरपणात पती-पत्नींना निदानासाठी पुन्हा रक्त तपासावे लागत नाही. पहिल्याच भेटीत तो कागद परिचारिकेच्या हाती दिला की आठवडे मोजायला सुरुवात करता येते.